शिल्लक ताकदीचा हिशेब: लष्करी हेलिकॉप्टर वैमानिकाच्या दोन कारकिर्दी

४ ऑगस्ट २०१९ रोजी ठाणे जिल्ह्यातल्या खडवलीजवळचं जू-नांदखुरी गाव पुराच्या पाण्यानं चहूबाजूंनी वेढलं गेलं. हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर आलं, ५८ गावकऱ्यांना घेऊन निघालं आणि त्यांना ठाण्यात कोळशेतच्या हवाई दलाच्या केंद्रावर सुखरूप उतरवलं. त्याच्या आठच दिवस आधी, २७ जुलैला, बदलापूर-वांगणीच्या पट्ट्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. हजाराहून जास्त प्रवासी गाडीत होते आणि त्या वेळीही सैन्यदलांना बोलवावं लागलं होतं.

अशा प्रसंगांचे व्हिडिओ आपण पुन्हा पुन्हा बघतो आणि त्या वैमानिकाचं मनापासून कौतुक करतो. मात्र तीन गोष्टी सहसा कुणी नीट सांगत नाही. त्या काही मिनिटांत तो माणूस नेमकं काय करत असतो? हे तो कुठे शिकला? आणि पन्नाशीच्या आसपास वर्दी उतरवली की त्याच्या हातातल्या आणि डोक्यातल्या त्या विद्येचं पुढे काय होतं? तिसऱ्या प्रश्नाबद्दल मराठीत फारच कमी लिहिलं जातं. मला तर तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ती विद्या कुठे जाते, यावर पुढच्या वैमानिकांचे जीव अवलंबून असतात.

हवेत थांबणं सगळ्यात महाग

हेलिकॉप्टर उडवायला दोन्ही हात आणि दोन्ही पाय लागतात. डाव्या हाताला, सीटच्या बाजूला जो दांडा असतो तो कलेक्टिव्ह. तो वर ओढला की रोटरच्या सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि यंत्र वर उचललं जातं. उजव्या हातात सायक्लिक असतो. तो ज्या दिशेला झुकवाल तिकडे हेलिकॉप्टर सरकतं. पायाखालची पेडल्स शेपटीच्या छोट्या रोटरची असतात आणि नाक कुठल्या दिशेला ठेवायचं ते त्यावर ठरतं.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत आर्मी एव्हिएशनमधून निवृत्त झालेले एक कर्नलसाहेब राहतात. मुलं त्यांना कर्नल आजोबाच म्हणतात. एका संध्याकाळी त्यांनी आठवीतल्या एका मुलाला बागेतल्या बाकावर बसवलं, त्याचे हात-पाय योग्य जागी ठेवले आणि सांगितलं, "डावा हात वर घे." त्यानं घेतला. "चुकलास. उजवा पाय कुठे गेला? चीता हेलिकॉप्टर असो की एमआय-१७, डावा हात वर गेला की उजवा पाय पुढे गेलाच पाहिजे. नाहीतर नाक गर्रकन फिरेल. आणि नाक सावरलंस की उजव्या हातानं थोडं सावरायचं, कारण आता यंत्र बाजूला सरकायला लागलंय." पोरगं पाच मिनिटांत घामाघूम झालं. एका नियंत्रणाला हात लावला की बाकीची दोन बिघडतात, हे त्याला पुस्तकातून इतकं कळलं नसतं.

हातापायांचा हा मेळ सरावानं बसतो. खरी परीक्षा पुढेच आहे आणि ती ताकदीची आहे.

हेलिकॉप्टर पुढे जात असतं तेव्हा रोटरला सतत नवी, न ढवळलेली हवा मिळत राहते आणि तुलनेनं कमी ताकदीत भागतं. एका जागी तरंगत राहायचं, म्हणजे हॉवर करायचं, तर रोटर स्वतःच खाली ढकललेल्या हवेच्या प्रवाहात काम करत असतो. त्यामुळे इंजिनाकडून खूप जास्त ताकद मागावी लागते. जमिनीच्या अगदी जवळ, साधारण रोटरच्या व्यासाएवढ्या उंचीपर्यंत, खालच्या हवेचा थोडा आधार मिळतो. झाडांच्या शेंड्यांवर, घरांच्या छपरांवर किंवा दरीवर तरंगताना तो आधारही जातो. पुरातून माणसं उचलताना नेमकी हीच स्थिती असते. एकेक माणूस आत आला की वजन वाढतं आणि हाताशी उरलेली ताकद कमी होते. कसारा घाट चढताना आगगाडीला मागून बँकर इंजिन लावतात. हेलिकॉप्टरला तसं मागून रेटणारं कुणी नसतं. घाटात शिरण्याआधीच आपल्या इंजिनात किती दम आहे ते माहीत असावं लागतं.

म्हणून वैमानिक उड्डाणाआधी एक हिशेब मांडतो. आजचं तापमान किती, जायचं ठिकाण किती उंचीवर, इंधनासकट वजन किती, तिथे तरंगायला किती ताकद लागेल आणि इंजिन तिथे किती देईल. या शेवटच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे मार्जिन. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या मार्जिनभोवतीच फिरतं.

सियाचीनमध्ये हे मार्जिन जवळजवळ संपलेलं असतं. १३ एप्रिल १९८४ला ऑपरेशन मेघदूत सुरू झालं तेव्हापासून तिथल्या चौक्या हेलिकॉप्टरवर जगतात. वीस हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मी होते. रोटरला रेटायला हवा कमी आणि इंजिनाला श्वास घ्यायलाही कमी, असा दुहेरी फटका बसतो. तिथे जाणारं चीता हे फ्रेंच लामा हेलिकॉप्टरचं हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं, म्हणजे एचएएलनं, बनवलेलं रूप. याच लामानं १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंची गाठून जागतिक विक्रम केला होता. असं यंत्रसुद्धा सर्वांत उंच चौक्यांवर एका खेपेला मोजके किलोच नेऊ शकतं. परतीपुरतं इंधन काटेकोर मोजून भरायचं, सकाळच्या थंड आणि शांत हवेत निघायचं, वर पोचल्यावर इंजिन बंद करायचं नाही, सामान उतरवायचं आणि लगेच निघायचं. चाळीस वर्षं हा क्रम चालू आहे. तिथे खेपा मारलेल्या माणसाला शिल्लक ताकद किती हे समोरच्या मापकाच्या काट्यावर बघण्याआधी यंत्राच्या थरथरीवरून कळतं, असं कर्नलसाहेब सांगतात. त्यावर माझा विश्वास बसतो.

तरंगण्याच्या कौशल्याचं मला सगळ्यात थोर वाटणारं उदाहरण ऑक्टोबर १९९२चं आहे. हिमाचलमधल्या परवाणूजवळ टिंबर ट्रेलच्या रोपवेचा दोर निकामी झाला आणि पर्यटकांनी भरलेली केबिन दरीवर लटकून राहिली. हवाई दलाच्या एमआय-१७नं त्या तारांच्या वर येऊन हॉवर केलं, पॅरा कमांडो मेजर क्रास्टो विंचच्या दोरानं केबिनवर उतरले आणि दोन दिवसांत १० जणांना एकेक करून वर खेचलं. दरीतला वारा, शेजारून जाणाऱ्या तारा, खाली कसलाच आधार नाही, आणि यंत्र मीटरभरही हलता कामा नये. ते हेलिकॉप्टर उडवणारे ग्रुप कॅप्टन फली मेजर २००७ मध्ये हवाई दलप्रमुख झाले. त्या पदावर पोचलेले ते पहिले हेलिकॉप्टर वैमानिक.

दोन धोके थोडक्यात सांगतो, कारण पुढे ते लागणार आहेत. वेग जवळजवळ शून्य असताना भराभर सरळ खाली उतरलं, तर हेलिकॉप्टर आपल्याच खाली फेकलेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडतं. अशा वेळी कलेक्टिव्ह ओढून ताकद वाढवली तर ते आणखी वेगानं खाली जातं. उपाय म्हणजे पुढे किंवा बाजूला निसटायचं. मनाला मात्र वर ओढण्याचाच मोह होतो. दुसरा धोका इंजिन बंद पडण्याचा. त्यातून वाचता येतं. ताबडतोब कलेक्टिव्ह खाली टाकायचा. मग खालून वर येणारी हवा रोटर फिरता ठेवते, आणि जमीन जवळ आली की फिरत्या रोटरमध्ये साठलेली ती शक्ती एकदाच वापरून अलगद टेकायचं. याला ऑटोरोटेशन म्हणतात. हे सगळं करायला मिळणारा वेळ सेकंदांत मोजायचा असतो, म्हणून प्रशिक्षणात ते अंगवळणी पडेपर्यंत घोटून घेतात.

हा माणूस घडतो कुठे

भारतात लष्करी हेलिकॉप्टर चार ठिकाणी आहेत: हवाई दल, नौदल, आर्मी एव्हिएशन आणि तटरक्षक दल.

हवाई दलात हैदराबादजवळच्या दुंदिगल अकादमीत सुरुवातीचं उड्डाण शिकवतात. मग लढाऊ विमानं, मालवाहू विमानं आणि हेलिकॉप्टर अशा वाटा फुटतात. हेलिकॉप्टरवाले हकीमपेठला जातात. नौदलाची हेलिकॉप्टर शाळा तामिळनाडूत अरक्कोणमला आयएनएस राजाळीवर आहे. आपल्याला सगळ्यात जवळचा नौदलाचा हेलिकॉप्टर तळ म्हणजे कुलाब्याचा आयएनएस शिक्रा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ हा बार्ज, म्हणजे कामगारांच्या राहण्याची तरंगती नौका, बुडाला तेव्हा तिथलीच हेलिकॉप्टर खवळलेल्या समुद्रावर जाऊन माणसं शोधत होती.

आर्मी एव्हिएशनचं केंद्र तर आपल्या नाशिकमध्येच आहे. १ नोव्हेंबर १९८६ला ही स्वतंत्र शाखा उभी राहिली. तिचे वैमानिक नाशिकच्याच गांधीनगर भागातल्या प्रशिक्षण शाळेत तयार होतात. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक यांना तिथेच 'विंग्ज' मिळाले आणि त्या आर्मी एव्हिएशनच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक ठरल्या. हवाई दलात हा उंबरठा आधीच ओलांडला गेला होता. १९९९च्या कारगिल युद्धात गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी त्या भागात चीता उडवली.

नवा वैमानिक आधी को-पायलट असतो. मग कॅप्टन होतो, पुढे त्यातले काही प्रशिक्षक होतात. फक्त उपकरणांवर भिस्त ठेवून ढगात, अंधारात उडण्याच्या लायकीचे दर्जे ठरलेले असतात: व्हाइट, ग्रीन आणि सर्वांत वरचा मास्टर ग्रीन. पदोन्नतीची शिडी मात्र वर अरुंद होत जाते. पद वाढतं तशी खुर्ची आणि फायली वाढतात, उड्डाणं कमी होतात. म्हणूनच ज्यांना उडत राहायचं आहे ते वीस-बावीस वर्षांनी पुढच्या वाटेचा विचार करू लागतात. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांना तर तो त्याआधीच करावा लागतो. हवाई दलाच्या उड्डाण शाखेत त्यांची मुदत १४ वर्षांची असते.

आकाशात सगळ्यात हळू जाणारं लक्ष्य

आता तो भाग, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. हेलिकॉप्टर हळू उडतं, खालून उडतं, आवाज करतं आणि तापतं. युद्धात या चारही गोष्टी शत्रूच्या पथ्यावर पडतात.

२८ मे १९९९. कारगिलमध्ये तोलोलिंगवर रॉकेटचा मारा करायला गेलेल्या एमआय-१७ हेलिकॉप्टरांपैकी एकाला खांद्यावरून डागलेलं स्टिंगर क्षेपणास्त्र लागलं. आतले चारही जण शहीद झाले. क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर्स त्या हेलिकॉप्टरवर नव्हते. धैर्यात ते चौघे तसूभरही कमी नव्हते. कमी होती ती यंत्रावरची एक पेटी. ही गोष्ट वाचली की आजही मन जड होतं.

ती पेटी आणि तिच्यासोबतची साखळी समजून घेऊ. खांद्यावरचं क्षेपणास्त्र उष्णतेचा माग काढत येतं. ते आवाजाच्या सुमारे दुप्पट वेगानं झेपावतं. चार किलोमीटरवरून डागलं तर हेलिकॉप्टरकडे सहा-सात सेकंद असतात. एवढ्या वेळात माणसानं आधी ते बघायचं, मग ओळखायचं, मग कळ दाबायची, हे होणं कठीण. म्हणून साखळीतला बराचसा भाग स्वयंचलित असतो.

पहिली कडी म्हणजे दिसूच नये. डोंगर, झाडं, नदीचं पात्र यांच्या आडोशानं, जमिनीला चिकटून उडायचं. दुसरी कडी उष्णता लपवण्याची. इंजिनाच्या धुराड्यावर असं आवरण बसवतात की गरम धूर बाहेर पडण्याआधी थंड हवेत मिसळतो आणि क्षेपणास्त्राला दिसणारी खूण फिकी होते. याची किंमत मात्र मोजावी लागते. आवरणाचं वजन असतं आणि इंजिनाची थोडी ताकदही खर्च होते. म्हणजे हिशेब पुन्हा मार्जिनशीच येऊन थांबला. तिसरी कडी चेतावणीची: शत्रूच्या रडारची लहर अंगावर पडली की सांगणारा एक संवेदक, लेझरचा नेम लागला की सांगणारा दुसरा, आणि झेपावत्या क्षेपणास्त्राच्या ज्वाळेतली अतिनील किरणं टिपणारा तिसरा. अतिनील का? तर सूर्याच्या अतिनील किरणांपैकी काही वातावरणाच्या वरच्या थरातच अडतात. जमिनीजवळ त्या पट्ट्यात अंधार असतो, त्यामुळे तिथली ठिणगी लगेच उठून दिसते.

चौथी कडी उत्तराची. फ्लेअर म्हणजे प्रचंड तापमानाला जळणारी छोटी कांडी, जी क्षेपणास्त्राला आपल्याकडे ओढून घेते. शाफ म्हणजे केसासारख्या बारीक तंतूंचा ढग, जो रडारला हेलिकॉप्टरऐवजी स्वतःला दाखवतो. हवाई दलासाठी देशात विकसित झालेल्या शाफमध्ये डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या जोधपूरच्या प्रयोगशाळेसोबत तिच्याच, आपल्या पुण्यातल्या एचईएमआरएल प्रयोगशाळेचाही वाटा आहे. नवी क्षेपणास्त्रं फ्लेअरला सहज फसत नाहीत, म्हणून काही हेलिकॉप्टरांवर लेझरनं त्यांचा 'डोळा' दिपवणारी यंत्रणाही बसवतात.

भारतानं यात बरीच मजल मारली आहे. एचएएलच्या रुद्र हेलिकॉप्टरवर साब कंपनीची एकत्रित संरक्षण यंत्रणा आहे. ७ एप्रिल २०२५ला संरक्षण मंत्रालयानं एमआय-१७ व्ही५ हेलिकॉप्टरांसाठी भारत इलेक्ट्रॉनिक्सशी सुमारे २,३८५ कोटी रुपयांचा करार केला. तो याच प्रकारच्या इलेक्ट्रॉनिक संरक्षणासाठी आहे.

आणखी एक कडी आहे आणि तिची आठवण फार क्लेशदायक आहे. आपला कोण आणि शत्रू कोण हे ओळखण्यासाठी जमिनीवरून सांकेतिक प्रश्न जातो आणि हेलिकॉप्टरमधलं यंत्र आपोआप उत्तर देतं. याला आयएफएफ म्हणतात. २७ फेब्रुवारी २०१९ला श्रीनगरजवळ बडगाममध्ये आपल्याच क्षेपणास्त्रानं आपलंच एमआय-१७ पाडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. ती आपली मोठी चूक होती असं पुढे हवाई दलप्रमुखांनी जाहीरपणे मान्य केलं. यंत्र असणं, ते चालू असणं, आणि जमिनीवरच्या माणसानं घाई न करता त्याचं उत्तर वाचणं या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ही कडी टिकते.

वर्दीनंतरची कारकीर्द

निवृत्त वैमानिक संरक्षण कंपनीत गेला की काही लोक लगेच 'दलाल झाला' म्हणतात. हा शिक्का मला अन्यायाचा वाटतो. संशयाला कारणं घडलेली आहेत हे खरं. १२ व्हीव्हीआयपी हेलिकॉप्टरांचा करार लाचेच्या आरोपांनंतर जानेवारी २०१४ मध्ये सरकारनं रद्द केला. म्हणूनच नियम कडक हवेत आणि गोपनीय माहिती बाहेर गेली तर १९२३चा शासकीय गुपितांचा कायदा लागू होतोच. तरीही सगळ्यांना एकाच मापानं मोजलं तर नुकसान आपलंच आहे. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या अभियंत्याला गणित येतं. साडेसोळा हजार फुटांवर हातमोजे घातलेल्या बोटांना कळ सापडत नाही, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

कर्नलसाहेब आता एका संरक्षण कंपनीला सल्ला देतात. एका बैठकीत त्यांना नव्या चेतावणी यंत्रणेचा पडदा दाखवला. क्षेपणास्त्र आलं की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात लाल चौकोन उमटायचा. त्यांनी विचारलं, "मी त्या वेळी पन्नास फुटांवर, झाडांच्या मधून चाललोय. माझी नजर बाहेर आहे. हा चौकोन कोण बघणार?" मग ठरलं की इशारा कानात, बोलक्या आवाजात आणि घड्याळाच्या दिशेसह यायला हवा: "क्षेपणास्त्र, आठ वाजता," म्हणजे मागून, डाव्या बाजूनं. आणि फ्लेअरची कळ अशा जागी हवी की कलेक्टिव्हवरचा हात न सोडता ती दाबता यावी. हा एवढासा बदल सुचायला वीस वर्षांची उड्डाणं मागे असावी लागतात.

या दुसऱ्या कारकिर्दीचं सर्वांत अवघड रूप म्हणजे चाचणी वैमानिक. बेंगळुरूच्या एएसटीई या संस्थेत निवडक वैमानिकांना जवळपास वर्षभराचं खास प्रशिक्षण मिळतं. यंत्राच्या मर्यादा कुठे संपतात हे शोधणं, तेही पायरीपायरीनं आणि प्रत्येक पायरीची नोंद ठेवून, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर त्यातले काही एचएएलमध्ये जातात. ध्रुव, रुद्र, प्रचंड ही हेलिकॉप्टर अशाच लोकांच्या हाताखालून गेली आहेत. प्रचंड हे लढाऊ हेलिकॉप्टर ५,००० मीटर उंचीवर शस्त्रांसह उतरू आणि उडू शकतं. मार्च २०२५ मध्ये अशा १५६ हेलिकॉप्टरांचे करार झाले, ९० लष्करासाठी आणि ६६ हवाई दलासाठी. रक्कम सुमारे ६२,७०० कोटी रुपये. आता एवढी यंत्रं देशातच बनणार, तर त्यांच्यातल्या उणिवाही देशातच शोधाव्या लागणार. हे काम करणाऱ्या माणसांची संख्या अजून पुरेशी नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

उणिवा शोधणं म्हणजे काय, याचं उदाहरण आपल्या दारातच घडलं. ८ मार्च २०२३ला नौदलाचं ध्रुव मुंबईच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरवावं लागलं. वैमानिकानं शांतपणे ते पाण्यावर टेकवलं आणि तिघेही वाचले. त्या वर्षीच्या अपघातांनंतर नियंत्रण यंत्रणेतल्या अॅल्युमिनियमच्या दांड्यांच्या जागी पोलादी दांडे बसवण्यात आले. त्यानंतर ५ जानेवारी २०२५ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळून तिघांचा मृत्यू झाला आणि देशभरातली ध्रुव हेलिकॉप्टर काही महिने जमिनीवर ठेवली गेली. सुरुवातीच्या तपासात स्वॉशप्लेट तुटल्याचं पुढे आलं. हा तो भाग, जो वैमानिकाच्या हाताची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत पोचवतो. अशा तपासात धातूशास्त्रज्ञ लागतो, अभियंता लागतो आणि वैमानिकही लागतो. तुटण्याआधीच्या क्षणी यंत्र हातात कसं वागत असेल ते त्यालाच ओळखता येतं. लष्करी विमानांच्या उड्डाणयोग्यतेला मान्यता देणाऱ्या सेमिलॅक या संस्थेचं कामही अशा अनुभवावर उभं राहतं.

काही जण सिम्युलेटरवर शिकवतात. बेंगळुरूला एचएएल आणि कॅनडाच्या सीएई कंपनीनं मिळून सुरू केलेलं हॅट्सऑफ हे केंद्र त्यासाठीच आहे. मघाशी सांगितलेला हवेचा भोवरा आणि इंजिन बंद पडणं तिथे जीव धोक्यात न घालता शंभरदा अनुभवता येतं.

आपल्या भागातले बरेच जण जुहूकडे वळतात. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या पवन हंससारख्या कंपन्यांची हेलिकॉप्टर तिथून समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या मुंबई हायच्या तेल फलाटांवर कामगारांची ने-आण करतात. हे काम नागरी असलं तरी सोपं नाही. पावसाळ्यात ढग खाली आलेले, वारा सुटलेला, आणि उतरायचं ते पाण्यावर उभ्या असलेल्या एवढ्याशा चौथऱ्यावर. त्यासाठी डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाचा परवाना काढावा लागतो, नियमांच्या परीक्षा द्याव्या लागतात आणि पुन्हा वैद्यकीय तपासणीही. लष्करात हजारो तास उडलेल्या माणसालाही हे चुकत नाही आणि ते योग्यच आहे.

आणि नवी वाट ड्रोनची. नवी मुंबईत महापे एमआयडीसीत आयडियाफोर्ज ही ड्रोन कंपनी आहे. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये ती सुरू केली आणि २०२१ मध्ये तिला लष्कराकडून टेहळणीच्या स्विच ड्रोनची मोठी मागणी मिळाली. पूर्वी शत्रूच्या तोफा कुठे आहेत हे बघायला चीता जायचं, आता त्यातलं बरंच काम ड्रोन करतं. तरी हेलिकॉप्टर आणि ड्रोन एकाच खालच्या हवेत उडतात. कुणी किती उंचीवर, कुठल्या वेळी, संपर्क तुटला तर कुणी कुठे वळायचं, हे ठरवताना त्या हवेत उडलेला माणूस टेबलाशी बसलेला बरा. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, त्यामुळे हा प्रश्न आपल्या डोक्यावरही आला आहे. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय २०० फुटांच्या वर ड्रोन नेता येत नाही, आणि त्याहून जवळ तर परवानगीशिवाय मुळीच उडवता येत नाही. पनवेल, उलवे, खारघरच्या लग्नांत ड्रोननं शूटिंग करणाऱ्यांनी उडवण्याआधी 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघावाच.

ज्यांच्या घरात नववी ते बारावीतलं मूल आहे त्यांच्यासाठी

एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतंच. २०२२पासून मुलींनाही प्रवेश आहे आणि १७ मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडली. राज्य सरकारची छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७पासून मुलांची तयारी करून घेते आणि मुलींसाठी नाशिकला तशी संस्था सुरू झाली आहे. पदवीनंतर २० ते २४ वयात एएफसीएटी या हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेची वाट खुली असते. आर्मी एव्हिएशनला जायचं असेल तर आधी लष्करात अधिकारी व्हायचं आणि मग स्वेच्छेनं अर्ज करायचा.

एक गोष्ट क्लासवाले नीट सांगत नाहीत. हवाई दलाच्या निवड मंडळात वैमानिकाची कुवत तपासणारी संगणकीय चाचणी, सीपीएसएस, आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झालेल्याला उड्डाण शाखेसाठी पुन्हा बसता येत नाही. हात, पाय, डोळे आणि लक्ष एकाच वेळी किती नीट चालतं हे ती बघते. त्यामुळे घाईनं, झोप न झालेल्या अवस्थेत किंवा 'बघू तरी जमतं का' म्हणून तिला सामोरं जाऊ नये. शिवाय वैमानिकासाठी किमान उंची १६२.५ सेंटिमीटर, पायाची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटरच्या दरम्यान, रंग ओळखण्याची नजर आणि चष्म्याच्या नंबराचे कडक निकष आहेत. हे सगळं ठाण्यातल्या किंवा वाशीतल्या कुठल्याही चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडे आणि घरच्या मोजपट्टीनं एका दुपारी तपासून होतं. क्लासची फी त्यानंतर भरा.